कोडमधून बांधलेली अँड्रॉइड स्क्रीन बिघडली, तर काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

सर्व्हरकडून प्रश्नांची यादी येते आणि ॲपने त्यातून फॉर्म उभा करायचा, असं काम ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सर्वेक्षणाची ॲप्स, केवायसी, हॉस्पिटलची नोंदणी, सगळीकडे हीच गत. प्रश्न किती आणि कुठल्या प्रकारचे, हे ॲप बनवताना माहीतच नसतं. मग एक्सएमएल (स्क्रीनचा आराखडा लिहायची फाइल) बाजूला ठेवून टेक्स्टव्ह्यू (मजकूर), एडिटटेक्स्ट (उत्तराचा रकाना), बटणं असे व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचे घटक, थेट कोटलिनमध्ये तयार करावे लागतात. आणि टीममधलं कुणीतरी येऊन म्हणतं, "दादा, व्ह्यू बनवलाय, एरर काहीच नाही, पण दिसतच नाहीये."

हा बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की आता कोड न बघताही अंदाज बांधता येतो. एक्सएमएल लिहितो तेव्हा ते वाचणारा लेआउटइन्फ्लेटर बरीच कामं न बोलता उरकतो. डीपीचे (सगळ्या स्क्रीनवर सारखं दिसावं म्हणून वापरायचं माप) पिक्सेल करतो, पॅरेंटला (ज्या कंटेनरमध्ये व्ह्यू बसतो त्याला) विचारून लेआउटपॅराम्स (माप आणि जागेच्या सूचना) बनवून घेतो, थीम लावतो, साध्या बटणाच्या जागी ॲपकॉम्पॅट किंवा मटेरियलचं बटण ठेवतो, आयडी चिकटवतो. कोडमधून व्ह्यू बनवला की ही सगळी कामं आपल्या गळ्यात पडतात. स्क्रीन बिघडते ती बहुतेक वेळा यातलं एखादं राहून गेल्यामुळे. कंपोज (स्क्रीन बांधण्याची नवी पद्धत) वापरणाऱ्यांना यातलं फारसं लागू नाही. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०२१ च्या जुलैत आली खरी, पण जुन्या व्ह्यू पद्धतीवर चालणारी ॲप्स आजही ढिगाने आहेत आणि ती सांभाळणारे आपणच आहोत.

आधी लक्षणं ओळखा

- व्ह्यू अजिबात दिसत नाही, क्रॅशही नाही.
- पहिलाच प्रश्न दिसतो, बाकीचे गायब.
- एका फोनवर ठीक, दुसऱ्या फोनवर सगळं चिमुकलं किंवा अवाढव्य.
- मराठी मजकुराच्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, खालचे उकार अर्धे दिसतात. इंग्रजी मात्र व्यवस्थित.
- रंग दिलाय पण मजकूर मळकट, फिकट किंवा अदृश्य.
- बटण ॲपमधल्या बाकीच्या बटणांसारखं दिसत नाही.
- फोन आडवा केला की भरलेली उत्तरं पुसली जातात. किंवा त्याहून वाईट, सगळ्या रकान्यांत शेवटच्या रकान्याचं उत्तर येऊन बसतं.
- फॉर्म दोनदा दिसतो.
- क्रॅश होतो आणि लॉगकॅट (ॲपच्या नोंदी दाखवणारी खिडकी) सांगतं की या चाइल्डला (आत बसवलेल्या व्ह्यूला) आधीच एक पॅरेंट आहे.

तुमचं लक्षण यात सापडलं तरी क्रम मोडू नका. एकाच लक्षणामागे दोन-तीन कारणं असू शकतात आणि स्वस्तातलं आधी तपासलेलं बरं.

१. कोडला हात लावण्याआधी डोळ्यांनी बघा

फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लेआउटच्या कडा दाखवण्याची सोय आहे. (डेव्हलपर ऑप्शन्स दिसत नसतील तर सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा.) ती चालू केली की प्रत्येक व्ह्यूभोवती चौकट दिसते. चौकट आहे पण आत काही नाही, म्हणजे व्ह्यू जागेवर आहे आणि गडबड रंगात किंवा मजकुरात आहे. चौकटच नाही, म्हणजे व्ह्यू झाडात (एकात एक बसवलेल्या व्ह्यूंच्या रचनेत) नाही, त्याची रुंदी-उंची शून्य आहे किंवा तो स्क्रीनबाहेर गेलाय.

यातलं नेमकं काय, ते अँड्रॉइड स्टुडिओतला लेआउट इन्स्पेक्टर सांगतो. डीबग बिल्ड चालवा, इन्स्पेक्टर उघडा, झाडात आपला व्ह्यू शोधा आणि त्याची रुंदी, उंची, एक्स, वाय वाचा. एवढ्यावर पुढची अर्धी वाट कापली जाते. तरी लोक हे सोडून आधी कोडमध्ये लॉग घालत बसतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

२. ॲडव्ह्यू केलंय का, आणि कुणाला

हसू नका. कोटलिनच्या अप्लाय ब्लॉकमध्ये टेक्स्टव्ह्यूचा मजकूर, रंग, फॉन्ट सगळं छान सजवायचं आणि तो कंटेनरमध्ये घालायचाच विसरायचा, हे रोजचं आहे. ऑब्जेक्ट तयार झाला म्हणजे तो स्क्रीनवर आला असं नाही. सेटकंटेंटव्ह्यू दोनदा बोलावलं असेल तर पहिलं झाड पूर्ण जातं, तेही बघून घ्या.

स्क्रोलव्ह्यूमध्ये थेट दुसरा चाइल्ड घातला तर ॲप लगेच क्रॅश होतं, कारण त्याला एकच चाइल्ड चालतो. आत एक उभा लिनिअरलेआउट (चाइल्ड रांगेत मांडणारा कंटेनर) ठेवा आणि सगळं त्यात घाला.

"आधीच पॅरेंट आहे" हा क्रॅश आला, तर तोच ऑब्जेक्ट तुम्ही दुसऱ्यांदा घालताय. बहुतेक वेळा लूपच्या बाहेर एकच व्ह्यू बनवून आत तोच पुन्हा पुन्हा घातलेला असतो. व्ह्यू लूपच्या आत बनवा. रिमूव्हव्ह्यू लावून क्रॅश घालवता येतो, पण मग शेवटचाच प्रश्न स्क्रीनवर उरतो आणि नवीनच शोध सुरू होतो.

३. लिनिअरलेआउट उभा आहे की आडवा

"पहिलाच प्रश्न दिसतो" याचं हे कारण. काही सांगितलं नाही तर लिनिअरलेआउट आडवा असतो. पहिला चाइल्ड पूर्ण रुंदीचा असला की बाकीचे उजवीकडे स्क्रीनबाहेर रांगेत उभे राहतात. इन्स्पेक्टरमध्ये त्यांचा एक्स स्क्रीनच्या रुंदीइतका किंवा त्याहून मोठा दिसला की समजा.

यात एक बारीक खोच आहे. लेआउटपॅराम्स न देता चाइल्ड घातला, तर ते पॅराम्स कंटेनर स्वतः ठरवतो, आणि लिनिअरलेआउट ते त्या क्षणी असलेली दिशा बघून ठरवतो. उभा असेल तर पूर्ण रुंदी आणि मजकुरापुरती उंची. आडवा असेल तर दोन्ही मजकुरापुरते. म्हणजे आधी चाइल्ड घातले आणि नंतर दिशा उभी केली, तर रांग उभी होते, पण रकाने पूर्ण रुंदीचे होत नाहीत. दिशा आधी, चाइल्ड नंतर.

फ्रेमलेआउट मात्र असं काही बघत नाही, तो चाइल्डला दोन्ही बाजूंनी पूर्ण मापाचा करतो. त्यामुळे फ्रेमलेआउटमध्ये दोन व्ह्यू घातले की दुसरा पहिल्याला झाकतो.

४. पॅराम्स कुणाचे दिलेत

मार्जिन, वेट (उरलेल्या जागेतला वाटा), ग्रॅव्हिटी (कुठल्या बाजूला टेकायचं) या गोष्टी व्ह्यूच्या नसतात, त्याच्या पॅरेंटच्या असतात. एक्सएमएलमध्ये त्या चाइल्डच्या टॅगवर लिहितो म्हणून हे लक्षात येत नाही. कोडमध्ये लिनिअरलेआउटच्या चाइल्डला लिनिअरलेआउटचेच लेआउटपॅराम्स हवेत. व्ह्यूग्रुपचे साधे दिले तर त्यात फक्त रुंदी आणि उंची असते.

चुकीच्या जातीचे पॅराम्स ॲडव्ह्यूला दिले तर तो तक्रार करत नाही. गुपचूप आपल्या जातीत बदलून घेतो आणि त्या गडबडीत वेट आणि ग्रॅव्हिटी गळून पडते. मात्र व्ह्यू आत गेल्यावर चुकीचे पॅराम्स थेट बदलले तर मोजमापाच्या वेळी क्लासकास्टचा क्रॅश येतो. खरं तर हा क्रॅश परवडला, निदान ओळ नंबर तरी देतो.

वेट वापरताना त्या दिशेचं माप शून्य ठेवा.

५. पिक्सेल

या पायरीवर वेळ घालवा, कारण "माझ्या फोनवर तर बरोबर दिसतंय" ही सगळी प्रकरणं इथली आहेत.

कोडमध्ये पॅडिंग, मार्जिन, रुंदी, उंची यांना दिलेला आकडा पिक्सेल समजला जातो. १६० डीपीआयच्या (इंचामागे ठिपके) स्क्रीनवर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल. ४८० डीपीआयच्या फोनवर १ डीपी म्हणजे ३ पिक्सेल. बोटाने नीट दाबता यावं म्हणून बटण किमान ४८ डीपी ठेवा असं अँड्रॉइडचं मार्गदर्शन सांगतं. तुम्ही कोडमध्ये नुसतं ४८ लिहिलंत तर अशा फोनवर ते १६ डीपीचं होतं. दिसतं, पण बोट लागत नाही, आणि तक्रार येते की बटण चालत नाही. तुम्ही क्लिक लिसनर तपासत बसता.

उपाय सोपा आहे. डीपीला डेन्सिटीने (डीपीआय भागिले १६०) गुणणारं एक छोटं फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा. किंवा मापं डायमेन्सच्या फाइलमध्ये ठेवून गेटडायमेन्शनपिक्सेलसाइझने घ्या, ते पिक्सेलच देतं.

फॉन्टचा कारभार उलटा. सेटटेक्स्टसाइझला नुसता आकडा दिला की तो एसपी (सेटिंग्जमधल्या अक्षरांच्या आकारानुसार बदलणारा डीपी) धरला जातो. म्हणजे पॅडिंगला १६ दिलं तर पिक्सेल आणि टेक्स्टसाइझला १६ दिलं तर एसपी. त्यामुळे डायमेन्समधून १६ एसपी वाचले, ३ डेन्सिटीच्या फोनवर हातात ४८ पिक्सेल आले आणि ते तसेच सेटटेक्स्टसाइझला दिले, तर अक्षरं तिप्पट मोठी होतात. डायमेन्समधून आलेला आकडा देताना एकक पिक्सेल आहे असं वेगळं सांगावं लागतं.

कापलेल्या वेलांट्यांचं मूळही इथेच. टेक्स्टव्ह्यूला पक्की उंची दिली की रोमन अक्षरं कशीबशी मावतात, पण देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि ओळीच्या खाली दोन्हीकडे जागा लागते. "सर्वेक्षणपूर्व माहिती" हे शब्द टाकून बघा, रफार आणि दीर्घ ऊकार दोन्ही तपासले जातात. उंची मजकुरापुरती ठेवा, कमी पडू नये म्हणून किमान उंची द्या, आणि फॉन्टभोवतीचं पॅडिंग ठेवणारा पर्याय बंद केला असेल तर पुन्हा चालू करा. सेटिंग्जमध्ये अक्षरं सर्वांत मोठी करूनही एकदा बघा, कारण फॉर्म भरणाऱ्यांत चष्म्याचे नंबर असलेली माणसं असतातच.

६. रंग आणि रिसोर्सचा आकडा

रंगात सहा अंक लिहिले, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे दोन-दोन, तर सुरुवातीचे पारदर्शकतेचे दोन अंक शून्य धरले जातात. मजकूर पूर्ण पारदर्शक होतो. चौकट दिसते पण अक्षरं नाहीत, यामागे सर्वांत आधी हेच बघा. आठही अंक लिहा.

मळकट रंगाची गंमत वेगळी आहे. रिसोर्सचा आयडी हासुद्धा शेवटी एक इंटच. तो थेट सेटटेक्स्टकलरला दिला तर कंपायलर हूं की चूं करत नाही, फार तर लिंट (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) रेघ ओढतो. ॲपच्या रिसोर्सचे आयडी साधारणपणे ७एफ ने सुरू होतात. रंग म्हणून वाचलं तर ७एफ म्हणजे निम्मी पारदर्शकता. म्हणून हिरवा मागितला तरी काळपट, अर्धवट काहीतरी दिसतं. आधी कॉन्टेक्स्टकॉम्पॅटकडून खरा रंग मिळवा, मग तो द्या.

याच्या उलटा प्रकार सेटटेक्स्टचा. त्याला इंट दिला की तो स्ट्रिंगचा रिसोर्स आयडी समजतो. वय ३५ दाखवायला नुसतं ३५ दिलं की रिसोर्स सापडला नाही म्हणून ॲप पडतं. आकड्याची स्ट्रिंग करून द्या.

७. कॉन्टेक्स्ट, थीम आणि परकं दिसणारं बटण

व्ह्यू बनवताना ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट (अख्ख्या ॲपचा संदर्भ) दिलाय का ते बघा. ॲक्टिव्हिटीची (ॲपच्या एका स्क्रीनची) थीम त्याला माहीत नसते. मटेरियलचं बटण त्याच्यावर बनवायला गेलात तर थीम चुकीची म्हणून क्रॅशही होतो. ॲक्टिव्हिटीचा किंवा सरळ पॅरेंटचा कॉन्टेक्स्ट द्या.

तो बरोबर असूनही बटण वेगळं दिसतं, तर ते साधं बटण आहे. एक्सएमएलमध्ये बटण लिहिलं की थीमप्रमाणे त्याची अदलाबदल होते. कोडमध्ये ती होत नाही. मटेरियलबटण असं नाव घेऊन बनवा.

स्टाइल देतानाची फसगत जुनी आहे. कन्स्ट्रक्टरचा तिसरा पॅरामीटर स्टाइल घेत नाही, थीममधला ॲट्रिब्यूट घेतो. तिथे स्टाइलचा आयडी दिला तर तुमची स्टाइल लागत नाही, आणि कुणी तसं सांगतही नाही. चौथा पॅरामीटर स्टाइलचा आहे, पण तो एपीआय २१ पासून, आणि प्रत्येक व्ह्यूला तो असतोच असं नाही.

८. आयडी आणि पुसली जाणारी उत्तरं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, कारण चाचणीत हे दिसत नाही. फील्डवर एखाद्या कार्यकर्तीने चाळीसेक प्रश्नांचा फॉर्म अर्धा भरलेला असतो, मध्येच फोन येतो, फोन आडवा होतो, आणि परत येऊन बघते तर सगळं कोरं.

अँड्रॉइड व्ह्यूची अवस्था त्याच्या आयडीच्या नावाने जपून ठेवतं. आयडी नाही तर जपणं नाही. एक्सएमएलमध्ये आयडी देण्याची सवय असते. कोडमध्ये व्ह्यूचं व्हेरिएबल हातात असतं, म्हणून आयडीची गरजच वाटत नाही.

मग लोक जनरेटव्ह्यूआयडी वापरतात. तो दर वेळी नवा आकडा देतो. फोन फिरवल्यावर नवा फॉर्म, नवे आकडे, आणि जुनी उत्तरं जुन्या आकड्यांखाली पडून राहतात. ठरलेले व्ह्यू असतील तर आयडी रिसोर्सच्या फाइलमध्ये जाहीर करा.

सगळ्या रकान्यांत शेवटचं उत्तर येतं, तेव्हा उलटं झालेलं असतं. एका प्रश्नाचा एक्सएमएल बनवून तो लूपमध्ये पुन्हा पुन्हा इन्फ्लेट केलेला असतो, त्यामुळे प्रत्येक एडिटटेक्स्टचा आयडी सारखाच. जपताना प्रत्येक जण आधीच्यावर लिहितो, परत देताना सगळ्यांना शेवटचं मिळतं.

आणि आयडी नीट असूनही उत्तरं येत नसतील, तर फॉर्म कधी बांधताय ते बघा. ॲक्टिव्हिटी अवस्था परत देते ती ऑनस्टार्टनंतर लगेच. तुमचे प्रश्न नेटवर्कवरून त्यानंतर आले तर देणारा येऊन गेलेला असतो. म्हणून बदलत्या फॉर्मसाठी माझं मत पक्कं आहे: उत्तरं व्ह्यूत ठेवूच नका. प्रश्नाचा सर्व्हरकडचा क्रमांक आणि त्याचं उत्तर अशी जोडी व्ह्यूमॉडेलमध्ये (फोन फिरवला तरी टिकणाऱ्या जागेत) ठेवा, सिस्टीमने ॲप मारलं तरी टिकावीत म्हणून सेव्हडस्टेटहँडलमध्ये किंवा लोकल डेटाबेसमध्ये लिहा, आणि फॉर्म बांधताना तिथून भरा. अशा रकान्यांची आपोआप अवस्था जपण्याची सोय बंदच करा, नाहीतर दोघं एकमेकांवर लिहितात. तपासण्यासाठी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ॲक्टिव्हिटी न ठेवण्याचा पर्याय चालू करून होमवर जा आणि परत या.

फॉर्म दोनदा दिसत असेल तर तो ऑनरिझ्यूममध्ये किंवा पुन्हा पुन्हा हाक येणाऱ्या ऑब्झर्व्हरमध्ये बांधला जातोय. बांधण्याआधी कंटेनर रिकामा करा.

९. कन्स्ट्रेंटलेआउट, थ्रेड आणि कडा

कन्स्ट्रेंटसेट वापरताना प्रत्येक चाइल्डला आयडी लागतोच, नसेल तर क्लोन करतानाच क्रॅश. क्रम असा: चाइल्ड घाला, क्लोन करा, जोडण्या करा, लागू करा. क्लोन आधी केला तर नवा चाइल्ड त्यात नसतो.

नेटवर्कच्या कॉलबॅकमधून थेट व्ह्यूला हात लावला की चुकीच्या थ्रेडचा क्रॅश येतो. मेन थ्रेडवर या.

बनवल्या बनवल्या विचारलेली रुंदी शून्यच येणार, लेआउट अजून व्हायचाय. डूऑनलेआउटमध्ये विचारा.

अँड्रॉइड १५ वर, टार्गेट एसडीके ३५ असेल तर स्क्रीन काठापासून काठापर्यंत पसरते आणि पहिला प्रश्न स्टेटस बारखाली जातो. विंडो इन्सेट्स (सिस्टीमच्या पट्ट्यांनी व्यापलेली जागा) वाचून पॅडिंग द्या.

इथपर्यंत येऊनही सुटलं नाही तर कोडमधला भाग कमी करून बघा. एका प्रश्नाचा छोटा एक्सएमएल बनवा आणि तेवढाच इन्फ्लेट करा. पॅरेंटच्या जागी नल देऊ नका, खरा पॅरेंट द्या आणि लगेच जोडू नको असं सांगा, म्हणजे पॅराम्स नीट येतात. किती आणि कुठल्या क्रमाने हे कोड ठरवेल, एक प्रश्न कसा दिसतो हे एक्सएमएल ठरवेल. मी नव्या कामात हेच करतो. निव्वळ कोडमध्ये सगळा फॉर्म बांधण्याचा हट्ट मला पटत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

लाइव्ह ॲपमध्ये भरलेला डेटा हरवतोय किंवा एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात जातंय असं कळलं, तर शोध घेत बसू नका. रोलआउट थांबवा, वरिष्ठांना सांगा, मग कारण शोधा.

स्वतःचा व्ह्यूग्रुप लिहून ऑनमेझर आणि ऑनलेआउटमध्ये आकडे बदलून बदलून बघत असाल तर थांबा. तिथे अंदाजपंचे काम एका स्क्रीनवर जमतं आणि बाकीच्यांवर मोडतं. ज्याने कस्टम लेआउट आधी लिहिलेत असा माणूस बसवा.

क्रॅश एखाद्या पेमेंटच्या किंवा नकाशाच्या तयार एसडीकेच्या आतल्या व्ह्यूमध्ये असेल तर त्याचे चाइल्ड काढणं-घालणं बंद करा. ते झाड आपलं नाही, पुढच्या आवृत्तीत बदलेल. एसडीकेवाल्यांकडेच जा.

स्क्रोल अडखळतोय आणि आत वेट लावलेले लिनिअरलेआउट एकात एक आहेत, तर प्रत्येक पातळीवर चाइल्ड दोनदा मोजले जातायत. किरकोळ डागडुजी उपयोगाची नाही, रचना रिसायकलरव्ह्यूवर न्यावी लागेल. हा वेळेचा निर्णय आहे, तो टीम लीडने घ्यायचा.

लीककॅनरी (मेमरीची गळती शोधणारं साधन) दाखवतंय की कुठल्यातरी सिंगलटनने (ॲपभर एकच असणाऱ्या ऑब्जेक्टने) व्ह्यू आणि त्यासोबत अख्खी ॲक्टिव्हिटी धरून ठेवलीय, तर ॲपची रचना माहीत असलेल्याकडे द्या.

ज्याला बोलवाल त्याला रिकाम्या प्रोजेक्टमध्ये तोच बिघाड दाखवणारी एक ॲक्टिव्हिटी, लेआउट इन्स्पेक्टरचा स्क्रीनशॉट, लॉगकॅटचा पूर्ण स्टॅक ट्रेस, आणि फोनचं मॉडेल, अँड्रॉइड आवृत्ती व डेन्सिटी द्या. "दिसत नाहीये" एवढाच मेसेज टाकू नका.